खिशातली अर्धी फांदी

उर्बान ओराझेम चमचे बरे कोरायचा, नेम त्याहून बरा धरायचा, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते शिकारीवर नजर ठेवणाऱ्या गार्डला मारलेल्या थापांसाठी.

शिकारी मंडळात नवा उमेदवार आला, की परीक्षेआधी त्याला एका रविवारी उर्बानसमोर बसवायची पद्धतच पडली होती. कायदा पुस्तकात असतो. कायद्याचा माणूस रानात भेटतो, त्याचं काय करायचं ते उर्बान सांगायचा. गार्ड दिसला की पहिलं वाक्य आपलं. त्याला प्रश्न सुचायच्या आत त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. खिशात आलुबुखाराची दारू असावी, आणि आधी आपण प्यावी, म्हणजे पाहुण्याला संशय येत नाही. खोटं बोलायचंच तर मोठं बोलावं. लहान खोटं लोक चिमटीत पकडतात, मोठं आलं की बाजूला होऊन वाट देतात.

आणि मग पुरावा म्हणून डुकराची गोष्ट. चाळीस वर्षांपूर्वी त्याने परवानगी नसताना एक रानडुक्कर मारलं होतं. दोन माणसांच्या वजनाचं. ते त्याने ट्रॅक्टरवर स्वतःशेजारी बसवलं, पाव्लाचा, म्हणजे बायकोचा, फुलाफुलांचा रुमाल त्याच्या डोक्याला बांधून हनुवटीखाली गाठ मारली, आणि भर दुपारी चर्चसमोरून गावात आणलं. वळणावर गार्ड चेशारेक उभा.

"कोण रे ही?" चेशारेकने विचारलं.

"सासूबाई. दात दुखतोय. डॉक्टरकडे नेतोय."

चेशारेकने सुळ्याकडे पाहिलं, टोपी काढली, डुकराला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "जपून ने. या वयात दात फार छळतात."

ही गोष्ट उर्बानने इतक्यांदा सांगितली होती, की आता डुकराचं वजन दर वर्षी पाच किलोने वाढत होतं.

एका बाबतीत मात्र तो कधी थट्टा करत नसे. जनावर पडलं की त्याच्या तोंडात हिरवी फांदी द्यायची. तो त्याचा शेवटचा घास. तीच फांदी मोडून उरलेला तुकडा जखमेच्या रक्ताला टेकवायचा आणि आपल्या टोपीत उजव्या अंगाला खोचायचा. अर्धी त्याची, अर्धी आपली. त्या डुकरालाही रुमाल बांधायच्या आधी ओकची फांदी मिळाली होती. फांदीबाबत खोटं बोललेला शिकारी त्या डोंगरात कुणी पाहिला नव्हता. उर्बानही त्याला अपवाद नव्हता.

मे महिना सरत आला होता. त्या वर्षी मंडळाने उर्बानच्या वाट्याला हरणाचा एक नर लावून दिला होता: वर्षाचा, बोटभर शिंगांचा. पहाटे त्याने मंडळाच्या झोपडीतल्या वहीत नाव लिहिलं, लुडविकच्या कुरणावरचं मचाण लिहिलं, आणि वर जाऊन बसला. कुरणात धुकं होतं, दुधात भाकर कुस्करावी तसं दाट. साडेपाचच्या सुमारास धुक्यात एक हरीण उभं राहिलं. दोन कान, कानांच्या मध्ये दोन बारीक शिंगं. उर्बानने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. पूर्वी तो तीनदा पाहायचा. पण हल्ली तिसऱ्यांदा पाहिलं की पहिल्या दोनदा दिसलेलंही पुसट व्हायचं.

गोळी जागी लागली. हरीण तिथेच खाली बसलं.

तो उतरला, टोपी काढून क्षणभर उभा राहिला, स्प्रूसच्या झाडाची फांदी तोडली, अर्धी त्याच्या तोंडात दिली, अर्धी रक्ताला टेकवून टोपीत खोचली. पन्नास वर्षांचा सराव. हातांना डोळे लागत नाहीत. मग पोट उघडायला त्याने जनावर उलटं केलं, आणि त्याचे हात थांबले.

सड होते. चार, भरलेले. एकावर बोट टेकलं तर बोटावर दूध आलं.

शिंगं कुठे गेली म्हणून त्याने मागे पाहिलं. मागे हेझलचं झुडूप होतं, आणि त्यातल्या दोन सरळ काटक्या अजूनही नराची शिंगं असल्यासारख्या उभ्या होत्या.

मे महिन्यात हरणीला हात लावायचा नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चूक झाली तर लगेच गार्डला कळवायचं, हेही ठाऊक. पण चूक का झाली असं गार्ड विचारणार. पाव्ला दिवाळखोर सावकारासारखी हिवाळाभर त्याच्या मागे लागली होती. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. परवा कॉफीत मीठ घातलंस. वर्तमानपत्र तू वाचत नाहीस, नुसतं हुंगतोस." तो म्हणे, "जाईन." जात नव्हता. नजर नीट असल्याचा डॉक्टरचा कागद गेला की बंदूक गेली, आणि बंदूक गेली की उर्बान ओराझेम म्हणजे काय उरतं? रिब्नित्साच्या बाजारात चमचे विकणारा एक म्हातारा.

त्याने हरणीला ओढत नेऊन नेच्याच्या झुडपात घातलं, वर पानं टाकली. रक्ताच्या जागी माती लोटली. चार पावलं गेल्यावर टोपीच्या कडेला फांदी लागली. ताजी फांदी टोपीत घेऊन फिरणं म्हणजे शिकार झाली असं दवंडी पिटत जाणंच. त्याने ती उपसली आणि फेकायला हात उचलला. हात उचललेलाच राहिला. शेवटी ती त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, छातीपाशी, चष्म्याच्या रिकाम्या डबीशेजारी.

आणि वळतो तो समोर ब्रिगिता.

ब्रिगिता लोव्हशिन म्हणजे चेशारेकच्या जागी आलेली गार्ड. चौतिशीची, लांब टांगांची, कमी बोलणारी. तिच्यासोबत ब्रीना होती, लांब कानांची तांबूस कुत्री.

"लवकर उठलात, काका."

"म्हाताऱ्याला झोप कुठली, पोरी. आईचे गुडघे कसे आहेत?"

"आई गेली तीन वर्षांपूर्वी. तुम्हीच खांदा दिलात."

"तेच म्हणतोय," उर्बान न अडखळता म्हणाला, "आता तरी दुखत नसतील ना?"

ब्रिगिता हसली. तिला हसवता आलं म्हणजे निम्मी वाट सरली, हे उर्बानला अनुभवाने माहीत होतं.

"साडेपाचला बार ऐकला मी."

"ऐकलास ना? मीपण ऐकला. त्या नरानेही ऐकला. अगं, मी नेम धरला, श्वास रोखला, घोडा दाबला, आणि नेमकी त्याच क्षणी त्याला शिंक आली. डोकं खाली, गोळी वरून. गोळी गेली त्या स्प्रूसमध्ये, साल उडाली. मग त्याने मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की मीच म्हणालो, 'जपा तब्येतीला.'"

"आणि गेला?"

"गेला ना, डोंगरापलीकडे. रुमाल शोधायला."

ब्रीना मात्र उर्बानच्या कोटाला नाक लावून उभी होती. छातीपाशी. तिने एकदा वर पाहिलं, पुन्हा नाक लावलं.

"सॉसेज आहे खिशात," उर्बान म्हणाला.

"द्या तिला मग."

"माझी न्याहारी आहे ती. तुझी कुत्री सरकारी पगार खाते, माझी न्याहारी कशाला?"

ब्रिगिताने कुत्रीला मागे ओढलं. "स्प्रूस नंतर दाखवा. चुकलेल्या गोळीचीही नोंद लागते. आधी कुरण. लुडविक दहाला गवत कापायला यंत्र आणतोय. पाडसं हुडकायचीत. येता का मदतीला?"

नाही म्हणायला कारण लागतं, आणि त्या घटकेला इतक्या मोठ्या थापाड्यापाशी एकही कारण निघालं नाही. तो गेला.

दोघं कुरणात एका रेषेत चालू लागले, मध्ये दहा पावलांचं अंतर ठेवून, काठीने गवत बाजूला करत. यंत्र आलं की हरणाचं पाडस पळत नाही. आईने सांगितलंय म्हणून गवतात अंग चोरून पडून राहतं. म्हणून आधी माणसांनी शोधायचं. दर मे महिन्यात उर्बान या कामाला येत असे, आणि इतरांपेक्षा जास्त पाडसं त्यालाच सापडत. आज त्याला वाटत होतं, सापडू नये. मग वाटलं, सापडावं. सापडलं नाही तर यंत्राखाली जाईल.

ब्रीनाने शेपटी ताठ केली. ब्रिगिता वाकली.

"हे बघा."

हातभर गवताच्या वाटीत पाडस पडलं होतं, पाठीवर पांढरे ठिपके, नाक ओलं. फार तर आठवड्याचं असेल. त्याने डोळेही हलवले नाहीत. आई सांगून गेली होती, ते ते पाळत होतं.

ब्रिगिताने दोन्ही हातांत गवताचे झुबके घेतले, माणसाचा वास लागू नये म्हणून, आणि पाडस अलगद उचलून कुरणाच्या कडेला, हेझलच्या सावलीत ठेवलं. जोडीला दुसरं आहे का ते दोघांनी तासभर पाहिलं. नव्हतं.

"झालं," ब्रिगिता हात झटकत म्हणाली. "आई असेल इथंच कुठे झाडीत, आपल्याकडे बघत. आपण गेलो की येईल. चला, तुमचं स्प्रूस उद्या बघू. तुमची गोळी चुकली हे कागदावर लिहायला मलाच लाज वाटते."

ती वळली. कुत्रीला हाक मारली.

उर्बान जिंकला होता. हे त्याला नीट कळलं. आजवर इतकी साफ जीत त्याला कधी मिळाली नव्हती. चेशारेक तरी निदान भुवया उंचावायचा. घरी जायचं, अंधार पडला की नेच्यातलं ओझं पुरायचं, आणि पुढच्या रविवारी उमेदवारांना शिंकणाऱ्या नराची गोष्ट सांगायची. चांगली गोष्ट होती. दर वर्षी ती शिंक मोठी होत जाईल.

सावलीत पाडस पडलं होतं, हलायचं नाही म्हणून न हलणारं. ते संध्याकाळपर्यंत वाट पाहील. मग रात्रभर. मग, सांगितलेलं पाळणारं बाळ असल्यामुळे, उद्यासुद्धा.

"ब्रिगिता."

"हं?"

"त्याची आई येणार नाही. मी मारली."

ब्रिगिता थांबली. तिच्या ओठांच्या कडा आधीच वर जायला लागल्या होत्या. "काका, एका सकाळी दोन थापा?"

"गोष्ट नाही ही. मला नर वाटला. हेझलच्या काटक्यांना शिंगं समजलो. हरणी होती. तिकडे नेच्यात आहे."

"आणि तिलाही शिंक आली?"

"नाही आली."

"मग पुढे? पुढे काय झालं, सांगा ना." ती काठीवर टेकून उभी राहिली, गोष्ट ऐकायला उभं राहावं तशी. "रुमाल बांधलात का तिला?"

पन्नास वर्षं उर्बानच्या तोंडाने पेरलं होतं, आज पीक उभं होतं. शपथ घ्यावी, तर शपथा त्याने घाऊक घेतल्या होत्या. डोळ्यांत पाणी आणावं, तर तेही त्याने एकदा चेशारेकसमोर कांदा न वापरता आणून दाखवलं होतं. खरं बोलायचं कसं, हे कुणी उमेदवाराला शिकवत नाही, म्हणून त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्याने बोलणं सोडून दिलं. खांद्यावरची बंदूक उतरवली, नळी जमिनीकडे. खटका मागे ओढला, काडतुसं काढली, एकेक मोजून तोडलेल्या झाडाच्या खुंटावर ठेवली. रिकामी, उघडी बंदूक त्यांच्या शेजारी आडवी केली. परवाना ठेवला, मंडळाचं ओळखपत्र ठेवलं. तीन पावलं मागे सरकला. हे सगळं परीक्षेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे, आणि उर्बान ते पान नेहमी उलटून पुढे जायचा.

ब्रिगिता अजून हसतच होती, पण थोडं कमी.

शेवटी त्याने आतल्या खिशात हात घातला आणि स्प्रूसची अर्धी फांदी काढून बंदुकीवर ठेवली. मोडलेल्या टोकाला रक्त सुकून तपकिरी झालं होतं.

ब्रीना पुढे आली आणि फांदीला नाक लावून खाली बसली.

ब्रिगिताने हसणं आवरलं नाही. ते आपोआप गेलं. तिने टोपी काढली. उरलेली अर्धी कुठे असणार हे त्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही.

"दाखवा," ती म्हणाली.

नेच्याची पानं तिनेच बाजूला केली. हरणीच्या तोंडात फांदी होती. आणि फांदीच्या आत, दातांत, अर्धं चावलेलं तिपानी गवत.

"तिचा घास तिच्यापाशी होताच," उर्बान म्हणाला. "माझा उगाच झाला."

ब्रिगिताने वेळ पाहिली, लिहिलं, फोटो काढले, जनावरांची देखभाल करणाऱ्या केंद्राला फोन लावला. मग विचारलं, "डोळे कधीपासून?"

"पाव्लाने सांगितलं वाटतं?"

"तुम्ही मघाशी कुत्रीला 'काय रे' म्हणालात. आणि लुडविकच्या पाण्याच्या टाकीला 'राम राम' केलात."

"तो लुडविक नव्हता?"

"लुडविक इतका जाड कधी झाला, काका?"

उर्बान हसला, आणि हसताना त्याचा आवाज फाटला. तो खाली बसला.

"साडेपाचलाच फोन केला असतात," ब्रिगिता म्हणाली, रागाने नाही, हिशेबानेही नाही, "तर ती चूक होती. धुकं होतं, वय झालंय, मंडळाने समजून घेतलं असतं. पानांखाली घातलंत, मग ती चोरी झाली. दोन्ही मला लिहावं लागेल."

"लिही."

"साडेपाच. आणि साडेआठ. मधलं काही लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळतं."

मधलं. उर्बानला वाटलं, आपण सगळा जन्म त्या मधल्यातच काढला. बार उडाल्यापासून गार्डला सांगेपर्यंतची जी जागा असते, तिथेच आपलं घर, तिथेच आपलं नाव.

"चेशारेकला मी चांगला फसवत असे," तो म्हणाला. कुठेतरी हात टेकायला माणूस भिंत शोधतो, तसं.

"ते जाण्याआधी मला सगळं सांगून गेले. डुकराचंसुद्धा." ब्रिगिताने पाडस गवतासकट कुशीत घेतलं. "म्हणाले, रुमालातून मिश्या बाहेर आल्या होत्या आणि एक कान नळीसारखा उभा होता. पण त्या हिवाळ्यात तुमच्या घरात तीन तोंडं होती आणि गिरणी बंद. म्हणून टोपी काढली."

चाळीस वर्षं ज्या गोष्टीत उर्बान शहाणा होता, तिच्यातला शहाणा माणूस दुसराच निघाला.

"मग तूही काढ ना टोपी," अखेरीस तो म्हणाला, पण त्यात जीव नव्हता.

"मघाशी काढली," ती म्हणाली. "तुम्हाला दिसली नाही."

बंदूक तिने उचलली. ती खांद्यावर नसल्यामुळे उतारावर उर्बान एका अंगाला कलून चालत होता, एका बाजूचा बैल सुटलेल्या गाडीसारखा.

मंडळाच्या बैठकीत त्याने बचाव मांडला नाही. सगळे वाट पाहत बसले होते; खजिनदाराने तर बाटलीही आणली होती, गोष्ट लांबणार म्हणून. उर्बान म्हणाला, "मारली, लपवली, सांगितली. या क्रमाने." आणि बसला. बंदूक कायमची गेली. नाव मंडळात राहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरने एका डोळ्याबद्दल आशा दाखवली, दुसऱ्याबद्दल हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

उमेदवार अजूनही त्याच्यासमोर येऊन बसतात. गार्ड भेटला तर काय करायचं, विचारतात. उर्बान सांगतो: थांबायचं. बंदूक रिकामी करायची, उघडी ठेवायची, हात दिसू द्यायचे. विचारलं तेवढंच सांगायचं, पण ते खरं. चूक झाली असेल तर विचारायच्या आधी. पोरं मान हलवतात आणि मग हळूच म्हणतात, "आणि डुकराची गोष्ट?" तीही तो सांगतो. आता शेवटी मिश्या असतात, आणि डुकराचं वजन वाढायचं थांबलंय.

पुढच्या मे महिन्यात ब्रिगिता त्याला घ्यायला आली. लुडविक गवत कापणार होता. उर्बान काठी घेऊन कुरणात उतरला. डोळ्यांचं काम त्याचे पाय करत होते. गवत कुठे दबलंय, कुठे ऊब आहे, हे त्यांना आधी कळायचं. पहिलं पाडस त्यालाच सापडलं, ब्रीनाच्याही आधी. त्याने गवताचे झुबके घेतले, ते उचललं, कडेच्या सावलीत ठेवलं, आणि दोघं मागे मागे सरकत दूर जाऊन उभे राहिले.

"आली का?" त्याने विचारलं.

"आली."

"कुठे?"

"हेझलपाशी. आपल्याकडेच बघतेय."

उर्बानने तिकडे पाहिलं. त्याला हिरवा धुरकट ढीग दिसला आणि त्यात, असल्या तर, दोन काटक्या. किंवा दोन कान.

"थाप नाही ना मारत?"

"थापा मारायला मी चमचेवाल्यांच्या घरात जन्मले नाही, काका."

उर्बानने टोपी काढली आणि त्या दिशेला वाकून नमस्कार केला.